वाऱ्याच्या देशात भाड्याची गाडी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. सप्टेंबरच्या अखेरीस वहिनी आणि दोन्ही मुलांना घेऊन आइसलँडला जायचे, केफ्लाविक विमानतळावरच गाडी ताब्यात घ्यायची आणि सहा दिवसांत बेटाला पूर्ण फेरी मारून परतायचे, हा तुझा बेत वाचून जेवढा आनंद झाला तेवढीच काळजीही वाटली. आनंद अशासाठी की तो देश स्वतःच्या लयीत, वाटेल तिथे थांबत पाहावा असाच आहे आणि त्यासाठी हाताशी गाडी हवीच. काळजी अशासाठी की तू सोबत पाठवलेल्या आरक्षणाच्या कागदात विम्याचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. हे पत्र लांबणार आहे. सवडीने वाच, पण उरलेले पैसे भरण्यापूर्वी वाच.

सुरुवात वाऱ्यापासून करतो, कारण आमच्या तिथल्या सहलीत भाड्याच्या गाडीचे झालेले एकमेव नुकसान वाऱ्याने केले. वात्नायोकुल या अतिविशाल हिमनदाच्या दक्षिणेला स्केइदारारसांदुर नावाचे काळ्या वाळूचे सपाट मैदान आहे. देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, ज्याला सगळे रिंग रोड म्हणतात, तो १९७४ साली याच मैदानातल्या नद्यांवर पूल झाले तेव्हा पूर्ण जोडला गेला. पुढे १९९६ मध्ये बर्फाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, वितळलेले पाणी हिमनदाखालून एकदम बाहेर पडले आणि त्या महापुराने पुलांची दाणादाण उडवली. त्या पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. त्या पाहण्यासाठी आम्ही थांबलो. ऊन लखलखीत होते, गाडीत बसून वाऱ्याचा अंदाज येत नव्हता आणि वारा नेमका गाडीच्या मागच्या बाजूने होता. मी दार चार बोटे उघडले असेल-नसेल, तोच ते हातातून हिसकावले गेले, बिजागरीची मर्यादा ओलांडून पुढे वळले आणि त्याची कड पुढच्या मडगार्डात घुसली. पत्रा मुडपल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दार पुन्हा बसेना. शेवटी बॅगेच्या पट्ट्याने ते आतून बांधले, कंपनीला फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे सावकाश पुढचे गाव गाठले.

गाडी परत करताना कळले की आम्ही घेतलेल्या विम्यात हे नुकसान बसतच नव्हते. करारात ते स्पष्ट लिहिलेले होते आणि त्याखाली माझी सही होती. कंपनीने अनामत म्हणून कार्डावर अडवून ठेवलेली सगळी रक्कम त्यात गेली. कंपनीशी मी वाद घातला नाही. पण आरक्षणाच्या वेळी कोणी एवढे एक वाक्य ठळकपणे सांगितले असते तर बरे झाले असते, असे मला आजही मनापासून वाटते. म्हणून तुला ते मी सांगतो आहे.

तिथे गाडी उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे कर. आधी काच थोडी खाली करून वारा कुठून आणि किती आहे ते पाहा. एका वेळी एकानेच उतरायचे, आणि दार दोन्ही हातांनी धरूनच उघडायचे. मुलांना मागची दारे उघडू देऊ नकोस. चाइल्ड लॉक पहिल्याच दिवशी लाव आणि प्रत्येक वेळी तू किंवा वहिनी बाहेर येऊनच त्यांना उतरवा. हवामान खात्याच्या अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात देतात, त्यामुळे आकडा लहान दिसून फसायला होते. २० हा आकडा म्हणजे ताशी ७२ किलोमीटरचा वारा. झोत त्याहून जोरात येतात. दक्षिण किनाऱ्यावरच्या एयाफ्योल डोंगरांच्या पायथ्याशी आणि रेक्याविकच्या उत्तरेला हाफ्नारफ्याल या डोंगराखाली ते विशेष जोराचे असतात.

आता विमा. भाड्याच्या दरात साधारणपणे सीडीडब्ल्यू नावाचे मूलभूत संरक्षण धरलेले असते. त्याचा अर्थ नुकसान शून्य असा नसून, अपघात झाला तर तुझ्या खिशातून जाणाऱ्या रकमेला एक वरची मर्यादा आहे, एवढाच. ती मर्यादा बरीच मोठी असते, म्हणून सुपर सीडीडब्ल्यू घेऊन ती खाली आणतात. याखेरीज खडीने काच किंवा दिवे फुटण्यासाठी वेगळे संरक्षण असते. खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की दगड उडणारच, त्यामुळे ते घेच. वाळू आणि राख यांचेही वेगळे असते. दक्षिण किनाऱ्यावर वाळूचे वादळ उठले तर गाडीच्या रंगावर सँडपेपर फिरवल्यासारखी अवस्था होते, आणि पूर्ण गाडी पुन्हा रंगवण्याचा खर्च कुणालाही पेलणारा नाही. तुझा मार्ग याच किनाऱ्याने जातो, म्हणून तेही घे. एवढे सगळे घेऊनसुद्धा वाऱ्याने वळलेले दार, नदी ओलांडताना इंजिनात शिरलेले पाणी आणि गाडीच्या तळाला लागलेला मार या गोष्टी बहुतेक करारांत बाहेरच राहतात. तुझ्या क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारा विमा पुरेसा वाटत असेल, तर त्याच्या अटींमध्ये हे तीन शब्द शोध: वारा, वाळू, पाणी. ते सापडले नाहीत तर त्या विम्यावर विसंबू नकोस.

कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे आणि क्रेडिट कार्डच हवे. डेबिट कार्डावर बऱ्याच कंपन्या गाडी देत नाहीत. वहिनीही गाडी चालवणार असतील तर त्यांचे नाव करारात लिहून घे, थोडे जास्त पैसे पडले तरी. नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झाले तर कुठलाही विमा लागू होत नाही. मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही दोघांनी काढा. त्याची मुदत एक वर्षाची असते, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर तो एकटा कामाचा नाही.

गाडी कोणती घ्यावी, हे तू कुठे जाणार त्यावर ठरते. रिंग रोड आज पूर्ण डांबरी आहे. सप्टेंबरमध्ये हवा साथ देत असेल तर साध्या गाडीने तो होतो. पण नकाशावर ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ हे अक्षर दिसते, ते आतल्या उंच प्रदेशातले कच्चे रस्ते आहेत आणि त्यांवर फोर बाय फोरखेरीज दुसरी गाडी नेणे कायद्याने मना आहे. त्यांवर पूल नसलेल्या नद्या येतात. तुझ्या यादीत अशाच रस्त्यांवरच्या लांडमान्नालाउगारचे नाव आहे. तिथले रंगीत डोंगर पाहायचा मोह मी समजू शकतो, पण लहान गाडीने तिकडे वळायचे नाही. सप्टेंबरच्या शेवटी हे रस्ते बर्फाने केव्हाही बंद होऊ शकतात, म्हणून माझ्या मते ते नाव या खेपेला खोडावे. रस्ता सोडून शेवाळावर किंवा वाळूत गाडी घालणे तर कुठेच चालत नाही. दंड जबर आहे आणि दंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या शेवाळाला भरून यायला अनेक दशके लागतात.

गिअरबाबत माझा आग्रह ऑटोमॅटिकचा आहे, भाडे थोडे जास्त असले तरी. आपल्याला डावीकडून चालवायची सवय, तिथे वाहतूक उजवीकडून. स्टिअरिंग डावीकडे जाते आणि गिअर उजव्या हाताला येतो. तिथल्या लोकांनीही एकेकाळी हा बदल सोसला आहे. २६ मे १९६८ रोजी एका दिवसात सगळा देश डावीकडून उजवीकडे आला. तुला तो बदल विमानतळाच्या पार्किंगमध्ये करायचा आहे, तेही रात्रीच्या प्रवासानंतर. पहिली दहा मिनिटे तिथल्या तिथेच गाडी फिरव. चौकात वळताना, आणि विशेषतः रिकाम्या रस्त्यावर थांबून पुन्हा निघताना, जुनी सवय उचल खाते. आम्ही शेजारी बसणाऱ्याला एकच काम दिले होते: प्रत्येक वेळी निघताना 'उजवीकडे' असे मोठ्याने म्हणायचे. मुलांना हे काम दे, ती ते निष्ठेने करतील. दोन पदरी गोल चौकात आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा तिथला नियम इतर देशांहून वेगळा आहे.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नकोस. आम्हाला गाडी मिळाली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. ओल्या पत्र्यावर थेंबांच्या आड ओरखडे दिसत नाहीत, हे माझ्या बायकोच्या लक्षात आले. तिने फडक्याने एकेक बाजू पुसत नेली आणि मी मागोमाग मोबाइलवर चित्रण करत गेलो: बंपर, चारही चाकांच्या कडा, पुढची काच आणि तळाचा दिसेल तेवढा भाग. मागच्या बंपरवर बोटभर लांबीचा एक ओरखडा होता, तो कागदावर नव्हता. आम्ही तो दाखवला, तिथल्या मुलीने मान डोलावली, पण नोंद करायची राहून गेली. दहा दिवसांनी गाडी परत घेणाऱ्याने नेमके त्याच ओरखड्यावर बोट ठेवले. तारीख-वेळ असलेले ते चित्रण दाखवल्यावर प्रश्न तिथेच मिटला. तेव्हा नोंद लेखी घे आणि चित्रणही ठेव, दोन्ही.

रस्त्यावरची वेगमर्यादा सोपी आहे: वस्तीत ५०, खडीवर ८०, डांबरीवर ९०. दिवसाही दिवे लावलेलेच असावे लागतात. एकपदरी पूल वारंवार येतात. जो आधी पोहोचेल त्याला जाऊ देतात, पण समोरचा थांबेलच असे गृहीत धरू नकोस. पाट्यांवरचे तीन शब्द सगळ्यांनी पाठ करा. 'ब्लिंडहाइद' म्हणजे समोरचे न दिसणारा चढ. 'मालबिक एंदार' म्हणजे इथे डांबर संपते, वेग आधीच कमी कर, कारण खडीवर ब्रेक लावला की गाडी घसरते. 'लोकाद' म्हणजे रस्ता बंद, आणि बंद म्हणजे बंद. मेंढ्यांबद्दलही सावध राहा. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले, तर गाडी जवळ येताच कोकरू आईकडेच धावते. दृश्य कितीही सुंदर असले तरी रस्त्यात थांबू नकोस; बहुतेक ठिकाणी रस्त्याला कडपट्टीच नाही.

पेट्रोल पंप बरेचसे माणसाविना चालतात. यंत्रात पिन असलेले कार्ड लागते, तेव्हा पिन आधीच तपासून ठेव. टाकी अर्धी झाली की भरायची, विशेषतः दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक ते हॉप्न या पट्ट्यात आणि मिवात्न ते एगिलस्टादिर या निर्मनुष्य पठारावर. अकुरेरीजवळच्या वाद्लाहेइदी बोगद्याचा टोल नाक्यावर घेत नाहीत, तो ऑनलाइन भरावा लागतो. विसरलास तर तो कंपनीमार्फत वरच्या शुल्कासह येतो.

आणि आता दिवस. रिंग रोड सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. सहाने भागून तू हिशेब केलास, तो कागदावर बरोबर आहे. पण धबधब्यांकडे जाणारे फाटे, मुलांचे थांबे, योकुल्सारलोन सरोवरात तरंगणाऱ्या हिमखंडांसमोर जाणारे दोन तास आणि एखादा पूर्ण दिवस वाऱ्याने घरात कोंडून ठेवला तर, हे त्यात कुठेच नाही. शिवाय त्या सुमारास दिवस रोज सुमारे सहा मिनिटांनी लहान होतो. सहाच दिवस असतील तर दक्षिण किनाऱ्याने हॉप्नपर्यंत जा आणि त्याच रस्त्याने परत ये. त्याच जागा परतीच्या उजेडात वेगळ्या दिसतात, आणि वादळ आले तर एक दिवस थांबण्याची मोकळीक राहते. पूर्ण फेरीच हवी असेल तर दहा दिवस काढ. मुक्काम शक्यतो रद्द करता येतील असेच घे. ज्या दिवशी पुढच्या गावी पोहोचलोच पाहिजे अशी सक्ती असते, त्याच दिवशी माणूस नको त्या वाऱ्यात गाडी काढतो. आमची ती दुपारही तशीच होती. हॉप्नच्या खोलीचे पैसे आधीच भरलेले होते, आणि त्या सकाळी अंदाजात पिवळा इशारा दिसत असूनही मी निघालो होतो.

रोज सकाळी निघण्यापूर्वी रस्ते खात्याचा नकाशा आणि हवामान खात्याचा अंदाज, दोन्ही पाहा. तिथल्या बचाव पथकांच्या 'सेफ ट्रॅव्हल' या संकेतस्थळावर प्रवासाचा आराखडा नोंदवता येतो, तोही नोंदव. ही पथके स्वयंसेवकांची आहेत. अडचणीत ११२ हा एकच क्रमांक.

करार सही करण्यापूर्वी मला पाठव. मी रात्री बसून तो ओळीने वाचीन आणि दुसऱ्या दिवशी तुला फोन करीन. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
मित्र