शिखर न गाठता परतलेल्यांचीही बातमी नीट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात डोंगर नाही काही नाही, तरी आपल्याकडची पोरं-पोरी आता हिमालयात जायला लागलीत, मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण आपण त्यांना पाठवतो कसं ते बघा. एव्हरेस्टचा खर्च लाखांत, म्हणून लोकवर्गणी, स्पॉन्सर, जायच्या आधीच सत्कार, चौकात फ्लेक्स. एवढ्या लोकांचे पैसे आणि हार डोक्यावर घेऊन गेलेला पोरगा, शिखर समोर दिसत असताना मागं फिरेल का हो?

आणि फिरावं तर लागतंच. १९९६ साली गोरान क्रॉप नावाचा स्वीडिश गिर्यारोहक स्वीडनहून सायकल मारत नेपाळला आला, सिलिंडरचा ऑक्सिजन नाही, सामान स्वतःचं स्वतः वाहायचं असा त्याचा निश्चय होता. ३ मे ला शिखर शंभरेक मीटर राहिलं असताना, उशीर झालाय, उतरताना जमणार नाही म्हणून तो परत फिरला. पुढच्याच आठवड्यात १० मे ला गाईड घेऊन गेलेल्या टीम्सनी दुपारी एक-दोनला मागं फिरायचं असं बोलणं झालेलं असूनही दोननंतर चढणं चालूच ठेवलं, एकजण तर चारच्या सुमाराला पोचला, मग वादळ आलं आणि त्या वादळात डोंगरावर आठ जण गेले. त्यात रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे टीमचे प्रमुख गाईडच होते, आणि तिबेटच्या बाजूने चढलेले आपल्या आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघे. क्रॉप २३ मे ला परत चढला आणि शिखरावर पोचला.

८,००० मीटरच्या वर डोकंच नीट चालत नाही, शिखरावर श्वासागणिक ऑक्सिजन इथल्या एक तृतीयांश मिळतो, म्हणून परत फिरायची वेळ खाली असतानाच ठरवतात. सिलिंडरचंही तसंच, रांगेत उभं राहिलं की तो उभ्या उभ्या संपतो आणि उतरायला काही उरत नाही. शेर्पा चला खाली म्हणाला की वाद न घालता चलायचं, कारण त्याचाही जीव तिथंच टांगलेला असतो. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबूच्या बर्फात १६ नेपाळी माणसं गेली, ती दुसऱ्यांच्या मोहिमांसाठीच राबत होती.

एव्हरेस्ट लांबचं झालं, पण सुट्टीत चार-पाच हजार मीटरच्या ट्रेकला पोरांना पाठवणाऱ्या आईबापांनी पण कंपनीला विचारावं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं असा साधा नियम आहे, स्वस्त पॅकेजमध्ये नेमका हाच थांबायचा दिवस गायब असतो. परत फिरायचं हे कोण ठरवणार, तेही आधीच विचारा. पोरं डोकं दुखतंय हे सांगायला लाजतात, ग्रुप थांबेल म्हणून. झोक जायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, बसल्या जागी धाप लागली तर सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही, लगेच खाली आणायचं, रात्र असली तरी. आणि मोठ्या शिखराचं वेड असेल तर आधी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या सरकारी संस्थेत बेसिक कोर्स करा, वर्गणी पहिल्यांदा त्याला द्या.

आमच्या भागातल्या मंडळींना मी सांगून ठेवलंय की माझी वर्गणी घ्या, पण सत्कार आल्यावर करायचा आणि शिखर झालं नाही तरी करायचाच. तुम्हाला विनंती एवढीच की कुणी शिखर न करता परत आलं तर "थोडक्यात हुकलं" एवढी दोन ओळींची बातमी देऊ नका. किती उंचीवरनं फिरले, हवा कशी होती, ऑक्सिजन किती उरला होता, निर्णय कुणी घेतला, हे सगळं त्या पोराच्या फोटोसकट पहिल्या पानावर छापा. पुढच्या वर्षी जाणारा ते वाचेल, त्याच्या घरचेही वाचतील.

आपला एक नेहमीचा वाचक,
विजापूर रोड, सोलापूर