शाई भरलेलं पेन कपाटात ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की दरवर्षी माझ्याकडे पेनं यायला लागतात. माझं दुकान वगैरे नाही, शाईची पेनं खोलून साफ करायचा जुना नाद आहे आणि इथे रत्नागिरीत ओळखीपाळखीत ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे खंडेनवमीच्या पूजेत मांडायला म्हणून कुणी कपाटातून वडिलांचं पेन काढतं, दोन रेघा ओढून बघतं, शाई उतरत नाही, मग ते पेन रुमालात गुंडाळून माझ्याकडे येतं. आणि आणणारा प्रत्येक जण हेच सांगतो की काकू, अगदी जपून ठेवलं होतं हो. खोटं नसतं ते. दागिन्यांच्या डब्यात असतं, मखमलीच्या पेटीत असतं, एकांनी तर बँकेच्या लॉकरात ठेवलं होतं. फक्त ठेवताना आतली शाई कुणी काढलेली नसते. यावर कुठे फारसं छापून येत नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा.

शाई म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेला रंग. टोपण कितीही घट्ट लावलं तरी पाणी हळूहळू उडून जातं, रंग मागे राहतो, दाट होत होत निबेच्या चिरेत आणि जिभेत सुकून बसतो. जीभ म्हणजे निबेच्या पोटाला चिकटलेला तो काळा तुकडा, त्यात अगदी बारीक खाचा असतात, शाई त्यातून आपोआप पुढे खेचली जाते आणि गेलेल्या शाईच्या जागी हवा उलट्या वाटेने आत जाते. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉटरमनने पेटंट घेतलं ते असल्या खाचांच्या जिभेचंच, आणि आजचं कुठलंही शाईचं पेन मुळात याच तत्त्वावर चालतं. एवढ्याशा वाटेत रंग सुकून बसला की निब सोन्याची असो नाहीतर साध्या पत्र्याची, पेन बंद. त्यात शाई जुन्या पद्धतीची ब्लू-ब्लॅक असेल, म्हणजे लोहाचे क्षार आणि आम्ल असलेली, तर ती पोलादी निब खातेसुद्धा. आणि ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई कुणी हौसेने भरली असेल तर विचारूच नका, त्यात लाख असते, एकदा सुकली की पाण्याला दाद देत नाही. ती टाकाच्या निबेने वापरायची, पेनात कधीच भरायची नाही.

मागच्या वर्षी एक गृहस्थ काळं एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, पेन घेऊन आले होते, वडील तलाठी होते त्यांचे. ड्रॉपरने शाई भरायचं मोठ्या पोटाचं पेन, शेंड्याला दातांच्या बारीक खुणा, विचार करताना वडील पेन चावायचे म्हणे. आट्यांतच शाई सुकलेली त्यामुळे ते उघडेचना. अशा वेळी लोक पक्कड घेतात आणि पेनाला कायमचे ओरखडे पडतात नाहीतर सरळ तडा जातो, तसं करू नका. मी वाटीत फक्त निब बुडेल एवढंच साधं पाणी घेतलं आणि पेन उभं टेकवून ठेवलं. थोड्या वेळाने चिरेतून निळा धागा निघाला, वळत वळत वाटीच्या तळाशी जाऊन बसला, मग दुसरा. पाणी बदलत बदलत संध्याकाळ झाली तेव्हा कुठे रबराच्या तुकड्यात धरून पेन फिरलं. आतल्या तळाला शाईचा थर पापडी धरून बसलेला, निळी शाई पण सुकल्यावर तिच्यावर तांब्यासारखी लाल झाक आलेली. निबेचा मुलामा गेला होता आणि मधल्या भोकाभोवती गंजाने कडा खाल्ली होती, ती निब काही वाचली नाही, दुसरी बसवावी लागली. पेन ठेवून देण्याआधी दहा मिनिटं पाण्याखाली धरलं असतं तर वडिलांच्या हाताला वळलेली ती निब आज चालू असती. निब घासत घासत माणसाच्या हाताच्या कोनाला बसते, ती गेली की तो हात गेला, म्हणून मला याचं फार वाटतं.

तर करायचं काय, महिनाभर तरी लिहिणार नसू तर पेन रिकामं करायचं. पाणी साधं, गार. गरम पाणी बिलकुल नको, एबोनाइट तपकिरी पडतं आणि काही प्लास्टिकं वाकडी होतात. पिस्टनचं किंवा कन्व्हर्टरचं, म्हणजे मागची कळ फिरवून शाई आत ओढून घेणारं, पेन असेल तर पाणी भरायचं, सोडायचं, परत भरायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. रबरी नळीचं असेल तरी तसंच, फक्त हलक्या हाताने, जुनं रबर कडक झालेलं असतं आणि जोरात दाबलं की तुकडे पडतात. शाई हट्टी असेल तर ग्लासभर पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, मग परत साधं पाणी. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको, पेनाचं अंग चरतं, सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकचं, पेन तर रिमूव्हरमध्ये अक्षरशः विरघळतं. नंतर निबेला टिश्यू पेपर नाहीतर जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळून पेन तापमापकासारखं झटकायचं आणि रात्रभर निब खाली करून ग्लासात टिश्यूवर उभं ठेवायचं, टोपण न लावता. ओल कागद ओढून घेतो. इथे कोकणात मी एक रात्र पुरेशी धरत नाही, दोन दिवस उघडं ठेवते, कारण ओलं पेन टोपण लावून ठेवलं की आत बुरशी धरते आणि पावसाळ्यात तर हमखास.

बुरशी शाईच्या बाटलीतही होते. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या भुकटीपासून सुरुवात केली, त्याचंच पुढे कॅमलिन झालं, आणि कॅमल शाईची बाटली अजूनही कित्येक घरांत माळ्यावर सापडते. वापरायला हरकत नाही, पण उजेडात धरून बघा. वर साय आल्यासारखं दिसलं, आत पांढरे तंतू तरंगताना दिसले किंवा कुबट वास आला तर ती शाई सरळ टाकून द्या, गाळून वगैरे वापरू नका. आणि पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडावी.

आता ठेवायची जागा. पेन कशाचं बनलंय यावर ते अवलंबून आहे आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेलं, राजमहेंद्रीची रत्नमची पेनं, जी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून १९३० च्या दशकात पुढे आली, ती याचीच. उजेड आणि दमट हवा लागली की वरचं गंधक बदलतं, काळा रंग शेवाळी-तपकिरी होतो आणि हाताला वास येतो. म्हणून एबोनाइट अंधारात ठेवायचं, आणि चांदीच्या क्लिपची किंवा चांदीची पेनं त्याच्या शेजारी ठेवायची नाहीत, गंधकाने चांदी काळी पडते. सेल्युलॉइडची गोष्ट उलटी, त्यात कापूर असतो, टोपण उघडून वास घेतलात तर ओळखू येईल, त्याला मोकळी हवा लागते. हवाबंद डब्यात कोंडलं तर त्यातून निघालेले वायू त्यालाच खातात, शेजारच्या पेनांनाही सोडत नाहीत, आणि ते पेटतंही पटकन, म्हणून समईजवळ, गॅसजवळ नको. केसीन म्हणून दुधापासून केलेलं एक जुनं प्लास्टिक असायचं, त्याची पेनं पाण्यात बुडवली तर फुगतात, ती फक्त ओल्या फडक्याने पुसायची आणि तोंडाचा भाग तेवढा धुवायचा.

आपल्या कपाटातले शत्रू वेगळेच. पहिला नंबर डांबरगोळ्यांचा. साड्यांच्या कपाटात गोळ्या ठेवायच्या आणि त्याच खणात पेनाचा डबा, हे मी इतक्या घरांत बघितलंय. त्या गोळ्यांच्या वाफेने काही जातींचं प्लास्टिक मऊ पडतं, चिकट होतं, पारदर्शक पेनं धुरकट होतात. दुसरा रबरबँड. चार पेनं रबरबँड लावून एकत्र ठेवली की दोन-तीन उन्हाळ्यांत रबर वितळून अंगाला चिकटतं आणि सोनेरी पट्टीवर काळा डाग ठेवतं. तिसरं रेक्झिन नाहीतर प्लास्टिकची पाउच, त्यातलं तेलकट द्रव्य पेनात उतरतं. सुती कापडाची शिवलेली पिशवी, एका पेनाला एक कप्पा, याच्यासारखं दुसरं काही नाही, जुन्या मऊ सुती साडीची घरी शिवता येते. डब्यात सिलिका जेलची एक पुडी टाका, पावसाळ्यात ती लवकर भरते तेव्हा बदलत राहा. रिकामी, कोरडी पेनं आडवी ठेवा की उभी, फरक पडत नाही.

रोज वापरातल्या पेनाला मात्र पडतो. निब खाली करून ठेवलं तर शाई जिभेत साचून टोपणात येते, आणि सकाळी टोपण काढलं की बोटं निळी. निब वर ठेवलं तर गळत नाही, फक्त पहिलं अक्षर उठायला वेळ लागतो. मी रात्री आडवं ठेवते, खिशात किंवा पर्समध्ये निब वर. ड्रॉपरचं पेन अर्ध्याच्या खाली गेलं की लगेच भरून घ्यावं, कारण पोटात हवा जास्त झाली की खिशाच्या नाहीतर हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईचा ठिपका टपकन कागदावर. विमानात तर हे नक्कीच होतं, पेन पूर्ण भरून न्या नाहीतर पूर्ण रिकामं. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, रबराची रिंग फुगवतं ते.

आता पूजेबद्दल, आणि हे मी भक्तिभावानेच लिहितेय, आमच्याकडेही सरस्वतीच्या पाटीजवळ पेनं मांडतात. पण ओलं हळदकुंकू थेट निबेवर लावू नका हो. त्याचे कण चिरेत शिरतात, आट्यांत बसतात, फिकट रंगाच्या पेनावर लाल डाग पडतो तो जात नाही. टोपण लावून पेन मांडा, गंध डब्याला लावा नाहीतर शाईच्या दौतीला, पेनावर फूल ठेवा, आणि दसऱ्याला उचललंत की कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्या.

आपल्या संपादक मंडळाला विनंती आहे की पैठणी कशी जपावी, पितळेची भांडी कशी उजळावीत यावर आपल्या पुरवणीत सणासुदीला लेख येतात आणि ते चांगलेच असतात, तसा एखादा कोपरा यालाही द्यावा. आणि गावोगावच्या वाचनालयांत, स्मारकांत मोठ्या माणसांची पेनं काचेच्या कपाटात मांडलेली असतात, खाली फोमची गादी, वर दिवसभर जळणारा दिवा आणि समोर खिडकी. फोम काही वर्षांत भुगा होऊन चिकटतो आणि उन्हाने एबोनाइट तपकिरी होतं. ग्रंथपालांनी, विश्वस्तांनी निदान ते पेन आतून कधी धुतलंय का हे जाणकाराकडून बघून घ्यावं, खालचा फोम काढून पांढरं सुती कापड घालावं आणि कपाट खिडकीपासून हलवावं, खर्च काहीच नाही याला. मात्र चकाकी आणायला म्हणून कुणाच्या पॉलिशच्या चाकावर ते देऊ नये. पेनाच्या अंगावर कोरलेलं कंपनीचं नाव, कधी मालकाचं नाव आणि साल असतं, चाकावर ते एका मिनिटात पुसलं जातं.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी