ब्लेड माझ्या हातात देणाऱ्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी पाणी घालताना माझ्या अ‍ॅस्टरियास निवडुंगाच्या डोक्यावरच्या लोकरीतून कळीचं टोक वर आलेलं दिसलं. लगेच तुम्हाला फोन लावणार होते. पण आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, छान" म्हणता आणि विषय पावसाकडे नेता. म्हणून पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. पिंपरीतल्या किती गच्च्यांवर तुमच्या हातची कलमं आहेत, याची मोजदाद तुम्ही कधी केली नसेल. माझ्याकडची एक तरी नोंद राहू दे.

२०१९च्या फेब्रुवारीत मी १५ बिया पेरल्या. उलट्या टोपीसारख्या, चकचकीत तपकिरी. चौथ्या दिवशी ११ उगवल्या आणि मला वाटलं, जमलं. पेरल्या होत्या निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओल धरून बसतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. एकेक रोप आडवं पडत गेलं. २०२१च्या जुलैत एकच उरलं होतं, अडीच वर्षांत जेमतेम सुपारीएवढं झालेलं.

ज्यांनी हा निवडुंग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. याला काटा नाही. आठ फाकी, प्रत्येक फाकीवर मधोमध लोकरीच्या गोंड्यांची ओळ आणि अंगभर पांढरे ठिपके. टेक्सासचं दक्षिण टोक आणि मेक्सिकोचा ईशान्य भाग हे त्याचं घर. तिथे दुष्काळात तो आक्रसून जमिनीच्या पातळीला जातो, मातीत मिसळून जातो. अशा झाडाला आपला जुलै सोसायचा म्हणजे काय, याचा विचार मी केलाच नव्हता.

त्या जुलैतल्या एका रात्री नऊच्या सुमाराला बोट लावलं तर रोप बुडाशी मऊ लागलं. तोवर आपली ओळख जिन्यात "काय, कसं काय" म्हणण्यापुरतीच होती. तरी मी तुमच्या दारात आले, कुंडी हातात घेऊन. तुम्ही जेवत होता. ताट बाजूला सारून रोप दिव्याखाली धरलंत आणि म्हणालात, "सकाळपर्यंत थांबलीस तर हे जाईल. चल." गच्चीवरून कलम करायला ड्रॅगन फ्रूटचा मुळं धरलेला खुंट आणलात, कटरचं नवं पातं, स्पिरिट, कापूस आणि दोन रबरबँड. सगळं टेबलावर मांडलंत. आणि पातं माझ्या हातात दिलंत.

मी म्हटलं, काका, तुम्हीच करा, माझा हात थरथरतोय. तुम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये ३० वर्षं काढलेली. तुम्ही केलं असतंत तर चार मिनिटांत झालं असतं. तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात आणि एवढंच म्हणालात, "पातं दाबायचं नाही, ओढायचं."

पहिला काप बुडाशी. आतला गर तांबूस, मधोमध नारिंगी डाग. पातं पुसलं, स्पिरिट लावलं, दुसरा काप. डाग लहान झाला, पण होता. पुन्हा पुसलं. तिसरा, चौथा. प्रत्येक कापागणिक रोप कमी होत होतं आणि माझ्या पोटात कालवत होतं. "थांबू का?" मी विचारलं. "टाचणीच्या टोकाएवढा डाग राहिला तरी तो पुन्हा खाईल," तुम्ही म्हणालात. सहाव्या कापाला गर स्वच्छ लागला, हिरवट पांढरा, आणि मध्ये एक बारीकसं वर्तुळ, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं. हातात उरली होती पाच रुपयांच्या नाण्यासारखी एक चकती.

ते वर्तुळ तुम्ही मला भिंगातून दाखवलंत. झाडाच्या पाण्याचा आणि अन्नाचा रस्ता तो. खुंटातही तसंच वर्तुळ असतं आणि दोन्ही वर्तुळं कुठेतरी एकमेकांना छेदली पाहिजेत, नाहीतर कलम धरत नाही. दोन्ही अगदी मधोमध ठेवली तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात बसतं आणि कुठेच भेटत नाही, म्हणून जरासं सरकवून ठेवायचं. खुंटाच्या तिन्ही कडा आधी तिरक्या छाटून घ्यायच्या, कारण वाळताना मधला गर आत ओढला जातो, साल मात्र तशीच ताठ राहते आणि वरच्या चकतीला उचलून देते. खुंटाची पातळशी चकती कापून तशीच वर ठेवायची, म्हणजे कलमकाडी, वर बसवायचा तुकडा, तयार होईपर्यंत काप सुकत नाही. मग ती काढायची, कलमकाडी टेकवायची आणि हलकेच फिरवायची, मधली हवा निघून जाते. रबरबँड आडवा, दुसरा उभा. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय, पण खरं तर लिहायची गरज पडली नाही.

आठ दिवस सावलीत, पाण्याचा थेंब न लागू देता. नवव्या दिवशी रबर काढले. चकती हलली नाही. तीन आठवड्यांत ती फुगून टचटचीत झाली, मधल्या लोकरीतून नवा गोंडा आला. अडीच वर्षांत जेवढी वाढ झाली होती तेवढी पुढच्या चार-पाच महिन्यांत झाली. २०२३च्या एप्रिलमध्ये पहिलं फूल आलं, पिवळं, घशाशी लाल. हे झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही, म्हणून तुम्ही तुमच्याकडची फुललेली कुंडी दोन जिने उतरून आणलीत आणि रंगाचा बारीक ब्रश. तेव्हाही ब्रश माझ्याच हातात दिलात.

आणखी एका गोष्टीसाठी तुमची ऋणी आहे. एका विक्रेत्याकडे मी एरिओकार्पस जातीचा एक मोठा निवडुंग बघून आले होते, दगडासारखा, फार देखणा. पैसे देणार होते. तुम्ही फोटो बघितलात आणि विचारलंत, "बुडाचा फोटो कुठे आहे?" मागवला. सोटमूळ खुडलेलं, अंगावर जुने ओरखडे, एक बाजू झिजलेली. "हे बियांपासून वाढवलेलं नाही. डोंगरावरून उपटलेलं आहे," तुम्ही म्हणालात. एरिओकार्पस आणि आपला अ‍ॅस्टरियास दोन्ही साइटिस, म्हणजे रानटी झाडाप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे रानातून काढून देशाबाहेर विकायला बंदी, हे मला त्या दिवशी कळलं. २०२० मध्ये इटलीत एका घरातून चिलीच्या वाळवंटातून चोरलेले हजाराहून जास्त निवडुंग पकडले होते, तेही तुम्हीच सांगितलंत. सांगताना तुमचा आवाज बदलला होता. तेव्हापासून मी कुठलंही रोप घेताना आधी विचारते, बी कुठलं?

आणि पेरेस्किऑप्सिस! पानं असलेला तो किरकोळ निवडुंग, ज्याची कुसळं आठवडाभर बोटांत राहतात. दहा दिवसांचं, मोहरीपेक्षा थोडं मोठं रोप बुडाशी कापून त्याच्या छाटलेल्या शेंड्यावर नुसतं टेकवायचं, रबर नको, दोरा नको, आपल्याच चिकट रसाने ते बसतं. दोन-तीन दिवस दमट हवेत झाकून ठेवायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "यात नवं काय? आमच्याकडे पावसाळ्यात कोय कलम करतात, ते काय वेगळं आहे? कोवळ्याला कोवळं लवकर धरतं." तुमच्या आजोबांबरोबर आंब्याच्या कोयी लावल्याची गोष्ट तेव्हा निघाली. मला वाटतं, तुमचा हात तिथला आहे, टूलरूमचा नंतरचा.

तुम्ही गावी गेलात त्याच्या आधीच्या महिन्यात आपण जुनं झाड खुंटावरून उतरवलं. "ड्रॅगनचा खुंट चार-पाच वर्षं साथ देतो, थंडीत कुरकुरतो. तो बसायच्या आत झाड स्वतःच्या मुळांवर आण." तीन आठवडे काप वाळवला आणि वीटचुरा, जाड वाळू, थोडी पानमाती अशा मिश्रणावर ठेवला. मुळं धरायला अडीच महिने लागले. तुम्ही तोवर गावी गेला होता. हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, पण मी कुंडी उचलून तळाच्या भोकातून पांढरं मूळ बघितलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून रडले, ते सांगितलं नव्हतं.

परवाची कळी त्याच झाडावर आहे, स्वतःच्या मुळांवरची पहिली. तुमच्या झाडाच्या परागापासून झालेल्या बियांची ९ रोपं शिल्लक आहेत. तीन पेरेस्किऑप्सिसवर, सहा स्वतःच्या पायांवर. त्या सहांतलं सगळ्यात सरळ वाढलेलं एक मी तुमच्यासाठी वेगळं काढलंय. तुमच्याकडचा पाऊस ध्यानात घेऊन मिश्रणात पानमाती घातलेली नाही. पडवीत, पागोळ्यांपासून लांब, पूर्वेच्या बाजूला जागा करून ठेवा. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडला की मीच घेऊन येते. एसटीत मांडीवर धरून आणेन.

तुमची,
तळमजल्यावरची