ग्वाल्हेरच्या उन्हात ‘चरबी जाळणारी’ कॅप्सूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन कमी करण्याच्या औषधांवरचा आपला लेख वाचला. पथ्य, मात्रा, खर्च, सगळं त्यात होतं. हवेच्या तापमानाबद्दल मात्र अक्षर नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या गावात ते आधी यायला हवं होतं.

गेल्या वैशाखात माझा भाचा ‘कटिंग’साठी, म्हणजे चरबी उतरवून स्नायू उठून दिसावेत म्हणून, कॅप्सूल घेत होता. जिममधून मिळालेल्या, डबीवर नाव-गाव काही नाही. बहिणीच्या आधी लक्षात आले ते बनियनच्या काखेतले पिवळे डाग. साबण झाला, लिंबू झालं, जाईनात. मग पोरगा रात्री कूलरपुढे बसूनही घामाने निथळायला लागला, अंग तव्यासारखं तापलेलं. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. तो पिवळा रंग पाहून मला धडकीच भरली: डायनायट्रोफिनॉल हे पिवळं, विषारी रसायन तर नाही ना? कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून त्याला डॉक्टरांकडे नेलं. तो वाचला.

हे रसायन जुनं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते हाताळणारे कामगार वाळत गेले, काही ताप चढून मेले. १९३३ पासून अमेरिकेत ते लठ्ठपणावर दिलं जाऊ लागलं. मोतीबिंदू आणि मृत्यू पाहून १९३८ मध्ये बंद करावं लागलं. अन्नातली जी ऊर्जा पेशींच्या कामी यायची, तिची ते नुसती उष्णता करून टाकतं.

२०१४ साली अमेरिकेत उंदरांवर झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २२ अंशांत उंदराला गारठा वाटतो, ऊब टिकवायला त्याचं शरीर आधीच शेगडी पेटवून बसलेलं असतं. तिथे हे औषध दिलं, तर आयती ऊब मिळाली म्हणून शरीर आपली शेगडी मंद करतं आणि एकूण हिशेब तेवढाच राहतो. ३० अंशांत शेगडी मुळात पेटलेलीच नसते. तिथे त्याच औषधाने चयापचय वाढला, वजन कमी चढलं.

आता आपल्याकडचा मे घ्या. मंद करायला शेगडीच नाही, म्हणजे औषधाची सगळी उष्णता वरकड. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम, तेव्हा ती बाहेर टाकायला एक घामच उरतो, आणि कूलरच्या दमट खोलीत तोही नीट वाळत नाही. या औषधाच्या विषबाधेवर उतारा नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सेमाग्लुटाइडची गोष्ट वेगळी, ते भूक कमी करतं. पण उलट्या-जुलाब झाले तर या उन्हात शरीरातलं पाणी झपाट्याने उतरतं, एवढं त्या रुग्णांनाही सांगायला हवं.

अशी कॅप्सूल घेणाऱ्याला ताप, धाप, धडधड जाणवली तर घरी ओल्या पट्ट्या ठेवत बसू नये, डबीसकट इस्पितळ गाठावं, हे कृपया ठळक छापा. भाच्याची डबी मी जपून ठेवली आहे, आत चार कॅप्सूल शिल्लक आहेत. औषध प्रशासनाने त्या तपासाव्यात. सांगतील तिथे मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर