‘गिगाबिट’ म्हणजे नेमके किती?

संपादक महोदय,

शाळा-महाविद्यालयांसाठी छोटे संगणक घेताना खोक्यावरील जोडण्यांची संख्या पाहिली जाते. या जोडण्या आत कोणत्या वाटेने प्रोसेसरला मिळतात, हे सहसा कोणी विचारत नाही. रास्पबेरी पाय हा एकाच पट्टीवरचा छोटा संगणक याचे बोलके उदाहरण आहे. २०१८ साली आलेल्या ३ बी प्लस या मॉडेलवर गिगाबिट इथरनेट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाची, तारेने नेटवर्कला जोडणारी जोडणी) आणि चार यूएसबी पोर्ट होते, परंतु या सर्वांचा प्रोसेसरशी संपर्क एकाच यूएसबी २.० जोडणीतून होत असे. त्या जोडणीची कागदावरील मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट असल्याने इथरनेटचा प्रत्यक्ष वेग फार तर ३०० मेगाबिटपर्यंत जाई, आणि ही मर्यादा उत्पादकांनी स्वतःच जाहीर केली होती. (विक्रेत्यांच्या जाहिरातींत ती क्वचितच दिसे.)

खरी अडचण यापुढची आहे. यूएसबी हार्डडिस्कवरील फाइल नेटवर्कवर पाठवायची, तर तीच माहिती त्याच अरुंद वाटेवरून दोनदा जाते, एकदा डिस्ककडून आत आणि एकदा इथरनेटकडे बाहेर. साहजिकच हाती येणारा वेग आणखी घटतो. माऊस-कीबोर्डला याने काही फरक पडत नाही.

२०१९ च्या चौथ्या आवृत्तीत इथरनेटला स्वतंत्र वाट मिळाली आणि यूएसबी पोर्ट पीसीआय एक्सप्रेस या प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगवान अंतर्गत जोडणीच्या एका मार्गिकेवर गेले. ती मार्गिकाही चारही पोर्टांत सामायिकच आहे, मात्र बरीच रुंद. म्हणून संगणक खरेदीच्या निविदांमध्ये पोर्टांच्या संख्येबरोबर अंतर्गत जोडणीचा आराखडाही मागवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक