के. जी. जॉर्ज यांच्याविषयी, सुधीरला

पुणे,
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पटकथा लिहायला घेतलीस, याचा फार आनंद झाला. ‘खुनाची गोष्ट आहे, पण मला नुसता खुनी शोधायचा नाही’ हे तुझं वाक्य वाचलं आणि तेव्हापासून मल्याळम दिग्दर्शक के. जी. जॉर्ज डोक्यातून जात नाहीत. मल्याळम सिनेमा म्हटलं की आपल्याकडे अडूर गोपालकृष्णन यांचं नाव निघतं, हल्ली फहाद फासिलचं. जॉर्ज यांचं नाव क्वचितच कुणी घेतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

तुला ‘यवनिका’पासूनच सुरुवात करायला सांगेन. १९८२ चा सिनेमा. गावोगाव प्रयोग करत फिरणारी एक नाटक कंपनी आहे, भावना थिएटर्स. गाडीत सामान आणि माणसं एकत्र कोंबलेली, मालक वक्कच्चन हिशेबाला पक्का, नटनट्यांची आपसांतली धुसफूस. तू दौऱ्यावर काढलेल्या वर्षांत हे सगळं जवळून पाहिलं आहेस, तेव्हा तुला वेगळं समजावायची गरज नाही. एके दिवशी कंपनीचा तबलजी अय्यप्पन प्रयोगाला येत नाही. दारुडा माणूस, कुठेतरी पडला असेल म्हणून आधी कुणी फारसं मनावर घेत नाही. दुसरा तबलजी मिळवून प्रयोग पार पाडतात. मग दिवस जातात, अय्यप्पन येतच नाही आणि तपासाला जेकब ईराळी नावाचा फौजदार येतो.

पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. पण एक गोष्ट बारकाईने बघ. ईराळी एकेकाला बसवून विचारतो आणि जो तो आपल्याला दिसलेला अय्यप्पन सांगतो. मामूट्टी तेव्हा अजून मोठा नट झाला नव्हता. या फौजदारात त्याने जराही शौर्य दाखवलेलं नाही, तो शांतपणे ऐकून घेतो. आणि ऐकता ऐकता आपल्याला कळत जातं की नाहीशा झालेल्या माणसापेक्षा मागे उरलेली रोहिणी महत्त्वाची आहे. घरच्या गरिबीमुळे नाटकात आलेली मुलगी. तिला कंपनीत आणणारा अय्यप्पनच, तिच्या कमाईवर हात ठेवणाराही तोच. तिचं काय चाललं आहे हे कंपनीत सगळ्यांना दिसत असतं. तरी कुणी मध्ये पडत नाही, कारण उद्याचा प्रयोग झाला पाहिजे. माझ्या मते जॉर्ज यांचा खरा तपास इथे आहे. गुन्हा एकाने केला असेल, पण त्याआधी कितीतरी जणांनी सोयीसाठी डोळे मिटलेले असतात. तुझ्या गोष्टीला नेमकं हेच हवं आहे, असं तुझं टिपण वाचून मला वाटलं.

अय्यप्पनचं काम भरत गोपी यांनी केलं आहे. इतका किळसवाणा माणूस, आणि तबल्यावर हात पडला की त्याच्याबद्दल आदर वाटतो! हे दोन्ही एकाच माणसात ठेवायला धाडस लागतं. वक्कच्चन झालेले तिलकनही रंगभूमीवरूनच आलेले. पटकथेत जॉर्ज यांच्याबरोबर एस. एल. पुरम सदानंदन होते, ते स्वतः नाटककार, त्यामुळे रंगपटातलं बोलणं कुठेही खोटं वाटत नाही.

आता थोडं त्यांच्याविषयी. जन्म १९४६ चा, केरळातल्या तिरुवल्ल्याचा. पदवी घेऊन ते इथे पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले, प्रभातच्या जुन्या आवारात, आणि १९७१ मध्ये दिग्दर्शनाची पदविका घेऊन बाहेर पडले. परत गेल्यावर ‘चेम्मीन’ हा गाजलेला सिनेमा करणाऱ्या रामू करियाट यांच्या हाताखाली काम केलं. त्यांचा स्वतःचा पहिला सिनेमा ‘स्वप्नाडनम’. एका डॉक्टरचं बिघडलेलं मन आणि त्यामागचं लग्न, असा विषय. त्याला उत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली नायिका राणी चंद्रा पुढे १९७६ च्या ऑक्टोबरात मुंबईहून मद्रासला निघालेल्या विमानाच्या अपघातात गेली. तिचा चेहरा पडद्यावर पाहताना हे आठवतंच.

पत्नी सेल्मा गायिका. ‘उळ्कडल’मध्ये जयचंद्रन यांच्याबरोबर तिने गायलेलं ‘शरदिंदु मलर्दीप नाळम’ हे गाणं जरूर ऐक, शब्द कळले नाहीत तरी चालेल.

एकदा जमलेला साचा त्यांनी पुन्हा वापरला नाही, याचं मला फार मोल वाटतं. ‘मेळा’मध्ये सर्कस, आणि नायक एक बुटका विदूषक. ‘कोलंगळ’मध्ये खेडं, आणि तेही सुंदर, भोळं वगैरे अजिबात नाही. ‘लेखयुडे मरणम ओरु फ्लॅशबॅक’मध्ये थेट सिनेमाचा धंदा आणि त्यात संपलेली एक तरुण नटी. ‘पंचवडी पालम’ हा तर निव्वळ राजकीय फार्स: चांगला पूल असताना पंचायत नवा पूल बांधायला काढते, सत्ताधारी आणि विरोधक मिळून खातात, पात्रांची नावं दुःशासन कुरूप आणि शिखंडी पिळ्ळा! हसता हसता शेवट असा येतो की हसणं बंद होतं. केरळात बांधकामात घोटाळा झाला की लोक आजही या सिनेमाचं नाव घेतात.

‘इरकळ’ मात्र रात्री एकट्याने बघू नकोस. १९८५ चा. रबराच्या मळ्यांवर गब्बर झालेलं एक कुटुंब आणि त्यातला धाकटा मुलगा बेबी, जो माणसं मारत सुटतो. बाप तिलकन. घरातला पैसा कसा आला, मोठे भाऊ काय करतात, बहीण कशी वागते हे बघितल्यावर बेबी आभाळातून पडलेला नाही हे कळतं. तो त्या घराचाच मुलगा आहे.

बायकांविषयी त्यांनी जे केलं ते त्या काळात फार थोड्या पुरुष दिग्दर्शकांना जमलं. ‘मट्टोराळ’मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याची बायको एका गॅरेजवाल्याकडे निघून जाते. ती का गेली याचा खुलासा सिनेमा करत बसत नाही. नवरा मात्र मनातल्या मनात कोसळत जातो. आणि १९८४ चा ‘आदामिंटे वारियेल्लु’ हा माझा सर्वांत आवडता. तीन बायका आहेत: कंत्राटदाराची श्रीमंत बायको ॲलिस, नोकरी करून दारुड्या नवऱ्याचा आणि सासूचा जाच सोसणारी वासंती, आणि ॲलिसच्या घरची मोलकरीण अम्मिणी. पहिली जीव देते, दुसरीचं डोकं फिरतं. अम्मिणीला मालकापासून दिवस जातात आणि शेवटी ती महिलाश्रमात येऊन पडते. मग त्या आश्रमाचं दार उघडतं, सगळ्या बायका धावत सुटतात, आणि समोर कॅमेरा घेऊन उभे असलेले खुद्द जॉर्ज आणि त्यांची माणसं बाजूला ढकलून निघून जातात.

त्यानंतरचं आयुष्य वाचताना मन खट्टू होतं. १९९० मध्ये ‘ई कन्नि कूडि’, मग आठ वर्षांनी ‘इलवंकोडु देशम’, आणि तिथेच सिनेमे थांबले. पक्षाघाताने शरीर थकलं. मल्याळम सिनेमातल्या तंत्रज्ञांची ‘माक्टा’ ही संघटना उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा, पण स्वतःला नवा सिनेमा करता आला नाही. राज्याचा जे. सी. डॅनियल पुरस्कार मिळाला. अखेरची वर्षं कोचीजवळच्या काक्कनाडला वृद्धांच्या शुश्रूषागृहात गेली आणि २४ सप्टेंबर २०२३ ला ते गेले. जी माणसं आज मल्याळम गुन्हेपटांचं कौतुक करतात त्यांनी एकदा तरी त्यांचं काम बघावं, असं मला मनापासून वाटतं.

तू आधी ‘यवनिका’ बघ, मग ‘आदामिंटे वारियेल्लु’. सबटायटल्स नीट असलेली प्रत शोध, संवाद हुकले तर मजा जाईल. आणि त्या शेवटाबद्दल मला लिहून कळव. तू रंगमंचावरचा माणूस. पात्रांनी दिग्दर्शकालाच ढकलून बाहेर पडावं हे तुला पटतं, की गोष्ट तिथे मोडली असं वाटतं? मला पटतं. तुझं मत वेगळं असेल तर कारणासकट हवं. पटकथेचा पहिला खर्डा झाला की तोही धाड.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश