काकूंच्या इन्सुलिनबद्दल

धरमपेठ, नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. काकूंना इन्सुलिन सुरू झालं आणि आता सगळं तूच बघणार म्हणालास. माझं कळकळीचं सांगणं आहे, सगळं घेऊ नकोस. जे त्यांना जमतं ते त्यांच्याकडेच राहू दे.

आमचे बाबा इन्सुलिन स्वतःच घेतात. नजर अधू झालीय, म्हणून इन्सुलिनच्या पेनचं बटण फिरवून डोस लावताना टक्-टक् मोजतात आणि पेन माझ्यापुढे धरतात. मी आकडा मोठ्याने वाचतो. मग पोटावर कालची जागा सोडून सुई टोचतात आणि दहापर्यंत मोजूनच बाहेर काढतात. एकाच जागी टोचत राहिलं की गाठी होतात, औषध नीट लागू पडत नाही. साखरेची वहीही तेच लिहितात. डॉक्टरांसमोर मी तोंड उघडलं की "थांब, मी सांगतो" म्हणतात. मला ते फार आवडतं.

माझ्याकडे औषधं आणणं, दर तीन महिन्यांची एचबीएवनसी (सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि रोज रात्री त्यांचे तळवे बघणं. वाकून त्यांना दिसत नाहीत, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम कळत नाही.

साखर उतरली तर काय करायचं, हे मात्र काकूंशी आधीच बोलून ठेव. घाम सुटला, हात थरथरले की लगेच मोजायची. 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखाना. अशा वेळी माणूस चिडतो, "मला काही झालं नाही" म्हणतो. बाबांनी बरं असतानाच मला सांगून ठेवलंय, "तेव्हा माझं ऐकू नको."

न वापरलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात नको. मे महिन्यात पारा 45वर असताना लाईन गेली, की आम्ही ते कोरड्या डब्यात घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवतो.

आणि वहिनींचा विचार कर. पथ्याचा स्वयंपाक सुनेनेच करायचा, हे आपल्या घरांत कोणी न बोलताच ठरून जातं. मला ते पटत नाही. आमच्याकडे भाजी बाबा निवडतात, रात्रीच्या पोळ्या मी करतो.

रविवारी अमरावतीहून काकूंना घेऊनच ये, बाबांना त्यांच्याशी बोलायचंय. काकूंच्या दोन्ही डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं आण. एकच औषध दोन नावांनी चालू नाही ना, ते आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ.

तुझाच,
मित्र